नृत्य बघून खुश होऊन

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या शाळेत माईक माझ्याच गळ्यात पडतो. मी मराठी शिकवते, आवाज मोठा आहे, आणि मुख्याध्यापकांनी "मॅडम, तुमच्याशिवाय कोण?" असं म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. हे वाक्य ज्याला ऐकवतात त्याची त्या वर्षीची मान अडकलीच समजा. माझी दरवर्षी अडकते.

बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकांना आमच्याकडचं गॅदरिंग बघून हसू येतं. नाच चालू असताना मध्येच गाण्याचा आवाज खाली जातो. मुली हात वर धरून तशाच डुलत राहतात, आणि माईकवरून सांगितलं जातं, "हे नृत्य बघून खुश होऊन अमुक अमुक यांच्याकडून दहा रुपये बक्षीस!" टाळ्या पडतात, गाणं पुन्हा मोठं होतं, मुली पुन्हा नाचू लागतात. ही सवय आम्हाला नाटकांनी लावली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक असतंच. चालू नाटकात कुणाला एखादं गाणं आवडलं की तो उठून मंचापाशी जातो, नोट देतो. मग हार्मोनियम थांबते, मरायला टेकलेला राजा मरायचा थांबतो, बक्षीस देणाऱ्याचं नाव पूर्ण, आडनावासकट घेतलं जातं, आणि राजा राहिलेलं मरण पुढे चालू करतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नाव घेतलं गेलं पाहिजे, बस.

मी मात्र नोट घेऊन आलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारते. ज्यांचं नाव घ्यायचं ते स्वतः आले आहेत का? गर्दीच्या वेळी हा प्रश्न सगळ्यांना जाच वाटतो. आमचे शिपाईभाऊ तर उघड म्हणतात, "मॅडम बक्षीस घेऊन नाही राहिल्या, पंचनामा करून राहिल्या." करते पंचनामा. ज्याला घाई असेल त्याने माईक घ्यावा.

मी दहावीत होते त्या वर्षीची गोष्ट आहे. आमचं गाव तालुक्याच्या गोरेगावच्या पुढे, धानाच्या शेतांच्या, म्हणजे बांध्यांच्या मधोमध. शाळा गावाच्या टोकाला, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पाळीखाली. टिनाचं छत, समोर मैदान, मैदानाच्या कडेला मोहाचं एक जुनं झाड आणि त्याखाली सायकल स्टँड. स्टँड म्हणजे नुसता शब्द. तिथे सायकली आपापल्या एकमेकींवर पडलेल्या असत.

माझे बाबा बोलत नसत. म्हणजे मुके नव्हते, पण जेवणात मीठ नसलं तरी सांगायचे नाहीत. आई चाखून ओरडायची तेव्हा कळायचं की ते अर्धी भाकर अळणी वरणाशी खाऊन बसलेत. शाळेच्या मिटिंगला आले तर दारात उभे राहायचे आणि सरांनी काहीही सांगितलं तरी मान हलवायचे. अशा माणसाला वर्षात एकच हौस होती. गॅदरिंगला माझा नाच सुरू झाला की ते मोहाच्या झाडाखालून निघून सरळ मंचापर्यंत यायचे, सरांच्या हातात नोट द्यायचे आणि परत झाडाखाली जाऊन उभे राहायचे. माईकवर त्यांचं नाव घेतलं गेलं की ते हात वर करायचे. वर्गात हजेरी देतात तसा, सरळ, आणि टाळ्या थांबेपर्यंत खाली घ्यायचे नाहीत. मंचावरून मला तो हात दिसायचा. पाचवीपासून दिसत होता. मैत्रिणी चिडवायच्या, "तुया बाबा काऊन परमिशन मागून राहिला?" मी त्यांच्यावर डाफरायची, पण मला तो हात बघायचाच असायचा. खरं सांगते, नाच मी त्या हातासाठीच करायची. नाहीतर माझ्या अंगात नाच औषधालाही नव्हता.

दहावीच्या वर्षी आमचं घर बांधायला काढलं होतं. भिंती झाल्या आणि काम थांबलं. हाताशी जे होतं ते भिंतींनी खाल्लं, छतासाठी काही उरलं नाही. आमच्या गावातली बरीच माणसं धान निघाला की तेलंगणात मिरची तोडायला जातात. आईबाबा कधी गेले नव्हते. त्या वर्षी तिळसंक्रांत झाली आणि तेही निघाले. मला मोठी मायकडे ठेवलं. मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोरी लग्न होऊन गेल्या होत्या, ती आमच्या शेजारच्याच घरात एकटी राहायची. तोंडाने फटकळ. तिच्याशी प्रेमाने बोलायला गेलं तर ती "काय पायजे?" असं विचारायची.

मुकादमाची गाडी पहाटे आली. आई बोचकी चढवण्यात गुंतली होती. बाबा माझ्याजवळ आले, आणि न विचारता, आपणहून म्हणाले, "गॅदरिंगले येतो."

मी म्हटलं, "पक्कं?"

"येतो म्हटलं ना. काई झालं तरी येतो."

एवढं लांब वाक्य ते माझ्याशी महिन्यात बोलले नसतील. बोलघेवड्या माणसाने शब्द दिला तर त्यातलं निम्मं आपण सोडून देतो. न बोलणाऱ्याने दिला तर तो खराच असतो, असं मला वाटायचं. त्या एका वाक्यावर मी पुढचे दिवस काढले.

ते दिवस मला आठवूच नयेत असं वाटतं, पण आठवतात. शाळा सुटली की मी मोठी मायकडे न जाता आमच्या बिनछताच्या घरात जाऊन बसायची. विटांना प्लास्टर नव्हतं. मधल्या खोलीत आईची चूल होती, ती थंडगार. मी खिडकीच्या चौकटीत बसून अभ्यास करायची आणि वर बघितलं की सरळ आभाळ. पोपटांचे थवे घरावरून जायचे. घरात बसून पोपट मोजता येतात असं घर गावात दुसरं नव्हतं, आणि मला त्याची मजा वाटायला हवी होती त्या वयात. मला फक्त एकटं वाटायचं. दिवेलागणीला मोठी माय भिंतीपलीकडून ओरडायची, "अभ्यास करून राहिली का झोपून राहिली? ये, भात थंडा होऊन राहिला." मग मी उठायची. आम्ही दोघी गप्प जेवायचो. ती दिवसभर उन्हाळी धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला जायची आणि पाठ धरून यायची, तिच्यात बोलायचं त्राण नसायचं. मला बोलायचं असायचं, पण तिच्याशी नसायचं.

आईचा फोन रविवारी यायचा, तोही रेंज असली तर. आई सांगायची, मिरचीने हात इतके जळतात की तोंडावर आलेला घामसुद्धा पुसता येत नाही, दंडाने पुसावा लागतो. मग ती खोकायची आणि फोन बाबांकडे द्यायची. बाबा "हं" म्हणायचे. मी त्यांना गॅदरिंगची तारीख सांगितली. नाच दुपारच्या जेवणानंतर आहे, ऊन उतरायच्या सुमाराला आमचा नंबर लागेल, तेव्हा सकाळची एसटी चुकली तरी दुपारची चालेल, हेही सांगितलं. ते म्हणाले, "हं. ऊन उतरताना." मी म्हटलं, "येता ना?" त्यांनी "मुकादमाले इचारतो" असं काहीतरी म्हटलं आणि लगेच, "येतो ना वो." पुढे आवाज तुटला.

त्या वर्षी माझं नाव बक्षीस वितरणातही पुकारलं जाणार होतं. नववीत मी शाळेतून पहिली आले होते आणि गोरेगावला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला नंबर मिळाला होता. आमच्या शाळेत बक्षीस घ्यायला मुलाने एकट्याने जायचं नाही अशी रीत होती. घरचं कुणीतरी सोबत जायचं, पाहुण्यांनी दोघांनाही कुंकू लावायचं, दोघांचा मिळून फोटो काढायचा. बाबा मंचावर पाहुण्यांच्या शेजारी उभे आहेत आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नाही, हे दृश्य मी बिनछताच्या घरात बसून इतक्या वेळा बघितलं होतं की ते घडून गेल्यासारखंच वाटत होतं.

गॅदरिंगच्या सकाळी मी शाळेच्या आधी एसटीच्या थांब्यावर गेले. डोक्यात गजरा, अंगावर मैत्रिणीच्या आत्याची नऊवारी. गोरेगावची गाडी आली. कंडक्टरने खाली वाकून विचारलं, "कोठी चालली वो नवरी?" गाडीतून एक म्हातारा, दोन पिशव्या आणि एक बकरी उतरली. मी म्हटलं, दुपारच्या गाडीने येतील.

मंच म्हणजे वर्गातली टेबलं एकमेकांना बांधून वर सतरंजी. मागचा पडदा नाटक मंडळाकडून मागून आणलेला, त्यावर राजवाडा रंगवलेला. आमचं नृत्य होतं शेतकरी नृत्य. म्हणजे राजवाड्यासमोर आम्ही मुली काठापदराच्या लुगड्यात धानाचा रोवणा करत होतो, हातात रोपांच्या जागी हिरव्या क्रेप कागदाच्या जुड्या. त्याच वेळी आमच्या निम्म्या जणींच्या आया खऱ्या चिखलात खरा रोवणा करत होत्या आणि म्हणून गॅदरिंगला आल्या नव्हत्या. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. नृत्य सरांनी बसवलं होतं आणि सरांना कंबरेतून वाकलेल्या मुली बऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून आम्ही रोवणा उभ्यानेच करत होतो.

माझ्या शेजारी माझी मैत्रीण. तिच्या घरी पोवारी बोलत, मोठी शेती, मोठं कुटुंब, आणि सगळं कुटुंब पहिल्या ओळीत. गाणं सुरू झालं आणि तिच्या घरच्या नोटा सुरू झाल्या. काकाकडून, मामाकडून, आत्याच्या नवऱ्याकडून. दर वेळी गाण्याचा आवाज खाली, आम्ही डुलत उभ्या, सर माईकवर, मग पुन्हा रोवणा. मला हेवा वाटत होता, हे लपवत नाही. मी हसू तोंडावर चिकटवून क्रेपच्या जुड्या हलवत होते. मध्ये मध्ये मोहाच्या झाडाकडे बघत होते. ऊन झाडामागून तोंडावर येत होतं, त्यामुळे झाडाखालची माणसं नुसती काळी काळी दिसत होती.

गाण्याचा आवाज पुन्हा खाली गेला. मला वाटलं, आता मैत्रिणीचा कोण राहिलाय? आणि सरांनी माझं नाव घेतलं. मग म्हणाले, "हे नृत्य बघून खुश होऊन, आपल्या लेकीला..." आणि त्यांनी माझ्या बाबांचं नाव घेतलं. पूर्ण. आजोबांच्या नावासकट, आडनावासकट.

हसू चिकटवलेलं होतं ते खरं झालं. मी झाडाकडे बघितलं. हात दिसला नाही. ऊन होतं, मी डोळ्यांवर जुडी धरली आणि पुन्हा बघितलं. टाळ्या पडत होत्या आणि हात वर नव्हता. मग मला वाटलं, हातात बोचकं असेल. एसटीतून उतरून तसेच आले असतील. गर्दीत आत शिरता आलं नसेल. हे सगळं वाटायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात गाणं मोठं झालं, मुली उजवीकडे वळल्या, मी वळले नाही, आणि मैत्रीण माझ्यावर आदळली. मी टेबलावरून खाली उडी मारली.

सतरंज्यांवर बसलेल्या बायांच्या मधून, लहान पोरांच्या अंगावरून, नऊवारी वर धरून मी सायकल स्टँडकडे धावले. मागे गाणं चालूच होतं. झाडाखाली आमच्या गल्लीतले एक काका उभे होते.

"काका, बाबा कोठी हायेत?"

"तुया बाबा?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "थो तं मिरचीले गेला ना वो."

"आले! आत्ता नाव नाई घेतलं का?"

काकांनी डोकं खाजवलं. "हो गा. म्याबी आयकलं." आणि तेही इकडेतिकडे बघू लागले. त्यांनी शेजारच्याला विचारलं. शेजारचा म्हणाला, नाव घेतलं म्हणजे आला असणारच. एक जण म्हणाला, चहाच्या टपरीवर असेल, थकून आला असेल. एक जण चक्क टपरीपर्यंत जाऊन आला. एकाने तर सांगितलं की त्याने त्यांना बघितलं, निळा शर्ट होता. बाबांकडे निळा शर्ट नव्हता, पण मला त्या क्षणी वाटलं, तिकडे घेतला असेल. नाव माईकवरून घेतलं गेलं होतं. ज्याचं नाव घेतलं तो माणूस आलाच नाही, असं आमच्या गावात कधी झालंच नव्हतं.

मी फाटकापर्यंत गेले. फाटकाच्या बाहेर मोठी माय उभी होती. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, पाय चिखलाने भरलेले, चिखल अजून ओला. बांधीतून उठून तशीच आली होती. आत यायला लाजत असावी. मला बघून म्हणाली, "असा सुदा, ताठ उभा राहून रोवणा करतेत का वो? असा रोवला तं धान कायचा होते."

"मोठी माय, बाबा आले?"

"बाबा कायचा येते."

"मंग नाव?"

"म्याच एका पोट्ट्याच्या हातानं नोट आन नाव धाडलं तुया सरले. नोट तुया बापानं जाताना देल्ली होती माह्याजवळ." ती सहज सांगत होती, भाजी आणायला पैसे दिले होते तसं. "म्हणे, पोरगी नाचली का माह्या नावानं देजो. डब्यात तांदळात ठेवली होती म्या."

"जाताना?"

"हो. गाडीत बसाच्या आगुदर."

ती ज्या सकाळचं सांगत होती ती मला पाठ होती. गाडी उभी, आई बोचकी चढवते आहे, बाबा आपणहून माझ्याजवळ येतात. काई झालं तरी येतो. त्याच्या आधी किंवा त्याच्यानंतर, त्याच अंगणात, ते भिंतीपलीकडे जाऊन मोठी मायच्या हातात ही नोट देऊन आले होते. म्हणजे मला येतो म्हणताना त्यांना माहीत होतं की ते येणार नाहीत. फोनवर "ऊन उतरताना" म्हणाले तेव्हाही माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मुकादमाला होतं, आईला होतं, तांदळाच्या डब्याला होतं.

मी म्हटलं, "मंग मले येतो म्हणून काऊन सांगतलं?"

मोठी मायने पदराने तोंड पुसलं. "तू जाऊ देली असती का त्याले?" मग ती वळली. "चाल, मी जातो. बाया बांधावर बसल्या माह्यासाठी. परहे वाळून राहिले."

उपटलेली रोपं वाळतात, त्यांना थांबता येत नाही. ती भराभर चालत गेली. तिच्या पायांच्या चिखलाचे ठसे फाटकापासून रस्त्यापर्यंत उमटले होते. मला तिला म्हणावंसं वाटलं, थांब, बक्षीस घ्यायला माझ्यासोबत कुणी नाही. पण मी रागात होते, आणि रागात असले की माझ्या तोंडातून नेमकं तेच निघत नाही. आजही तसंच आहे.

नाच कधीच संपला होता. मैत्रीण वर्गात गजरा काढत होती. ती म्हणाली, "पुरा डान्स खराब केला तू." तिचं खरं होतं. तिने थोड्या वेळाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुया बाबा भेटला?" मी मान हलवली. कसाही अर्थ लावता येईल अशी.

बक्षीस वितरण सुरू झालं. एकेक मूल आणि त्याच्यासोबत कुणी आई, कुणी काका, कुणी दादा. माझं नाव आलं तेव्हा सर माईकवर म्हणाले, "घरचं कुणी असेल त्यांनीही सोबत यावं," आणि थांबले. सरांना वाटत होतं बाबा आले आहेत. नाव त्यांनीच तर घेतलं होतं. ते मोहाच्या झाडाकडे बघत थांबले, मग पाहुणे तिकडे बघू लागले, मग सगळं मैदान मान वळवून तिकडे बघू लागलं. झाडाखालचे काका अस्वस्थ होऊन बाजूला झाले, आपल्यालाच बघतात की काय म्हणून. मैत्रिणीची आई पहिल्या ओळीतून अर्धवट उठली आणि मला म्हणाली, "मी येऊ का बेटी?" मी नको म्हटलं. फटकन म्हटलं. ती बिचारी बसली.

मी एकटी गेले. पाहुण्यांनी कुंकू लावलं आणि हळूच विचारलं, "घरून कोणी नाही आलं?"

मी म्हटलं, "बाबा आले होते. गेले."

का म्हटलं माहीत नाही. रागाने फुटत होते त्यांच्यावर, आणि परक्या माणसाने ते आले नाहीत असं म्हटलेलं मला चाललं नाही. फोटो काढणाऱ्याला दिवसभर जोड्यांचे फोटो काढायची सवय झाली होती. माझ्या फोटोत मी एका कडेला आहे, हातात ढाल, आणि शेजारी एका माणसाची जागा रिकामी सुटलेली आहे. मागे राजवाडा.

त्या संध्याकाळी मी नऊवारीतच आमच्या घरात जाऊन बसले. ढाल चुलीवर ठेवली, दुसरी जागा नव्हती. मोठी माय फोन घेऊन आली. "घे, तुया बाप हाये," म्हणाली आणि भिंतीला टेकून तिथेच बसली.

बाबांनी विचारलं, "घेतलं का नाव?"

"घेतलं."

"पुरं घेतलं का? आडनावासंग?"

"हो."

"लोकायनं आयकलं?"

"सगळ्यायनं आयकलं." हे अगदी खरं होतं. शोधलंही सगळ्यांनी.

ते म्हणाले, "मंग आलोच ना मी."

मला ओरडायचं होतं. बसून सगळं जुळवून ठेवलं होतं मी. तुम्ही खोटं बोललात, तुम्ही मला सकाळी थांब्यावर उभं केलंत, भर गॅदरिंगात माझं हसं केलंत. मोठी माय अंधारात पाय चोळत बसली होती, तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. फोनमध्ये मागे आई खोकत होती.

"हो बाबा," मी म्हटलं. "आले ना तुमी."

"नाच पुरा झाला?"

"झाला."

"हं," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला. आईने आधी जेवलीस का विचारलं, मग मोठी मायला त्रास देऊ नको म्हणून सांगितलं. मग हसत म्हणाली, "तुया बापाचं आज काय झालं का मालूम. ऊन उतराच्या टायमाले मिरचीत उभा राहिला आन हात वर केला. किती येळ. मुकादम तिकडून बोंबलला, काय पायजे रे? तं काईच बोलला नाई. हातच खाली घेईना. बाया हसून राहिल्या होत्या." ती पुन्हा हसली आणि पुन्हा खोकली. "येडा झाला उन्हानं."

मी फोन मोठी मायला दिला. राग गेला नाही, खरंच गेला नाही, पण मी रडले. मोठी माय म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काई नाई." ती म्हणाली, "मंग चाल, भात थंडा होऊन राहिला."

छत पुढच्या वर्षी घातलं. फोटो आता त्याच घरात मधल्या खोलीत लावलेला आहे. पाहुणे आले की बाबा तो दाखवतात. मी तिकडे होतो तरी इकडे माझं नाव गाजलं, हे त्यांना अजून सांगावंसं वाटतं, आणि मी चहा करायला आत जाते. मी मंचावरून उडी मारली होती हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सगळा गाव जाणतो, पण सांगितलेलं नाही.

म्हणून मी माईकवर असताना विचारते. स्वतः आले असतील तर "बघून खुश होऊन" म्हणते. नसतील तर ते कुठे आहेत ते आधी सांगते. हैदराबादला आहेत, नागपूरला बांधकामावर आहेत, मिरचीला गेले आहेत, तिथून पाठवलंय. मग नाव घेते, पूर्ण, आडनावासकट. शिपाईभाऊ म्हणतात, एवढं लांबण कायले? पण नाचणारी पोरगी ते ऐकते आणि थांबत नाही, तिच्या पायात पाय अडकत नाही, ती मैदानाच्या कडेला कुणाला शोधत नाही. मी शोधते. दरवर्षी, ऊन उतरताना, माईक हातात धरून.